आईचे कान गोठ्याकडे

आमच्या आईवडिलांचे कान फार तिखट होते, फक्त ते आमच्यासाठी नव्हते. राहुरीजवळ वस्तीवर आमचं घर, घरामागे गोठा, गोठ्यात चार जर्शी गाई. एखादी ओरडली की ओट्यावर डोळे मिटून पडलेले वडील म्हणत, "तहानली हाय ती, पाणी दाखव." दुसरी ओरडली तर, "हिला वासरू दिसंना." मी आणि धाकटी बहीण मात्र एकमेकींच्या झिंज्या उपटत सबंध दुपार घर डोक्यावर घ्यायचो, आणि आई शांतपणे डाळ निवडत बसायची. हाक मारली की न बघताच "व्हय, आले" म्हणायची आणि यायची नाही. मला याचा भयंकर राग यायचा.

मी चौथीत होते, बहीण बालवाडीत. एक गाय व्यायला झाली होती, त्यामुळे सगळ्यांचे कान गोठ्याकडेच. दुपारी लाइट गेलेली. आम्ही गोठ्याच्या टोकाला, चारा बारीक करायच्या कुट्टी मशीनपाशी खेळत होतो. त्याचं बटण कायम चालूच असायचं. वस्तीवर सगळ्यांची तीच पद्धत. मशीन धडधडलं की लाइट आल्याचं कळतं, उठून बघायला नको.

बहिणीने माझी ओढणी साडीसारखी नेसली होती, कमरेला गाठ मारून. "गाईला चारा करते," म्हणत तिने पदर मशीनच्या तोंडात सारला आणि चाक हाताने फिरवलं. पदर आत गेला. ती मागे ओढू लागली तशी गाठ आणखीच आवळली. मी चाक उलटं फिरवायला गेले, ते हलेना. बटण भिंतीवर उंच, माझा हात पुरेना. लाइट कधीही आली असती, आणि तिला सोडून पळायची मला हिंमत होईना.

"आई! लवकर ये!" मी ओरडले. बहिणीने तर भोकाडच पसरलं होतं.

ओट्यावरून आवाज आला, "व्हय, आले. भांडू नका गं."

मग मी हंबरले. अडलेली गाय हंबरते तशी, पोटातून, लांबलचक.

वडील अनवाणी धावत आले, मागून आई. हंबरतेय ती मीच, हे बघून आईने हात उगारला, तेवढ्यात वडिलांचं लक्ष बहिणीकडे गेलं. त्यांनी आधी बटण बंद केलं, मग विळ्याने ओढणी कापली. आई तिला कडेवर घेऊन उभी होती, तेव्हाच शेजारच्या विहिरीवरची मोटर सुरू झाली. लाइट आली होती.

संध्याकाळी आई म्हणाली, "अगं, मोठ्यानं हाक मारायची की."

"मारली हुती."

"कवा?"

"तू 'व्हय, आले' म्हनलीस तवा."

आई भिंतीकडे तोंड करून रडली.

दुसऱ्या दिवसापासून मशीनचं बटण बंद राहू लागलं आणि आई हाकेला येऊ लागली. नुसतं "आई" म्हटलं की कणकेच्या हातांनी पळत यायची. पेन्सिल सापडत नाही, बहिणीने जीभ दाखवली, कशालाही. दरवेळी चेहरा पांढराफटक. मला हवं होतं ते मिळालं होतं, पण ते बघवेना. मग आम्ही दोघींनीच एक सवय लावून घेतली. आज माझं लग्न होऊन मी नगरला राहते, तरी फोनवर माझी सुरुवात तीच असते.

"काही नाही झालं," मी आधी सांगते. मग म्हणते, "आई."