संक्रांतीच्या वाणातली बाटली

आमच्या आईने आयुष्यात कधी वाण नाकारलं नव्हतं. गोडदेवला आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवांचा नुसता धडाका असतो आणि प्रत्येक घरातून हातावर काहीतरी पडतं. चहाची गाळणी, प्लास्टिकची डबी, एकदा तर कान उडालेला कप. मी म्हणायचे, तिथेच ठेवून यायचं ना! त्यावर आई म्हणायची, "सवाष्णीने दिलेलं वाण परत करत नाहीत. आमच्या रत्नागिरीला कोणी नुसती बोरं दिली तरी कपाळाला लावून घ्यायचो." तो सगळा पसारा आमच्या फळीवर अजून आहे.

त्या वर्षी समोरच्या काकूंनी वाण म्हणून बाटली दिली. पंज्याएवढी, आत काळपट जांभळा रस, झाकणाला सोनेरी कागद. बायकांच्या घोळक्यात उभं राहून काकूंनी स्वतःचीच कहाणी सांगितली. "माझं बघा ना. किती वर्षं शुगरच्या गोळ्या खात होते. हा रस सुरू केला आणि आता बंद. टोटल बंद. डॉक्टरपण बोलला, आंटी, कैसे किया?" शेजारच्या गुजराती काकींनी टाळ्या वाजवल्या. आईलाही शुगर होती. तिने तिळगुळाचा लाडू न खाता नुसता मुठीत धरला होता आणि ती काकूंकडे बघत राहिली होती.

आईचा काकूंवरचा विश्वास काही उगाच नव्हता. आधी त्या विम्याचं काम करायच्या. बाबांची पॉलिसी त्यांनीच काढली, हप्त्याची आठवण त्याच करायच्या आणि मुदत संपल्यावर पैसे सांगितल्याप्रमाणे आले. त्यात आमचा स्वयंपाकाचा ओटा नवा झाला. ओटा पुसतानाही आई त्यांचे गुण गायची. मग विम्यात आता मजा राहिली नाही म्हणत काकू मीरा रोडच्या कुठल्याशा हॉलमधल्या मीटिंगांना जायला लागल्या आणि त्यांच्या घरात रसाचे खोके आले. वाणाची बाटली संपली तशी आईने पुढची विकत घेतली, मग त्याच्या पुढची. मी कटकट केली. रसच तर आहे, म्हणून सोडूनही दिली.

आई साड्यांना फॉल-बीडिंग करायची. पेणकरपाड्याहूनसुद्धा बायका साड्या घेऊन यायच्या, कारण रंगाला रंग जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ट्यूबलाइटच्या उजेडात ती मोरपिशीच्या चार छटा वेगळ्या काढायची. गणपतीच्या आधी एक बाई साडी परत घेऊन आली. गडद निळी साडी आणि तिला हिरवा फॉल.

"आई, हा हिरवा आहे."

"चल, हिरवा कसला?" आई साडी घेऊन खिडकीशी गेली. फॉल डोळ्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "निळाच तर आहे," ती म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि शुगरला कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर आई शांतपणे म्हणाली, "गोळ्या? त्या मी संक्रांतीनंतरच सोडल्या." घरात सांगू नकोस, असं काकूंनी तिला बजावलं होतं. घरची माणसं घाबरतात आणि मग रसाचा गुण येत नाही, म्हणे! डॉक्टर म्हणाले, पडद्यावर रक्त उतरलंय. उजव्या डोळ्याची गेलेली नजर बहुतेक परत येणार नाही, डावा सांभाळू.

घरी आल्यावर मी काकूंच्या दाराकडे निघाले होते, आईने हात धरला. "तिला काय बोलू नकोस. तिने स्वतः गोळ्या सोडल्या, तिला गुण आला, म्हणून मायेने मला सांगितलं. माझं नशीब, तिचा काय दोष?" मलाही ते थोडं पटलं. काकू वेड्या असतील, वाईट नसतील, असं मी स्वतःला समजावलं.

पुढच्या महिन्यात आईच्या गोळ्या आणायला मी नाक्यावरच्या मेडिकलमध्ये गेले. पुडी देता देता दुकानदार म्हणाला, "दीदी, सामनेवाली आंटी का भी पार्सल रेडी है. लेके जाओगे?"

"उनका क्या?"

"वही, शुगर का. सेम गोली है. आंटी का तो हर महीने रहता है, कभी चूकती नहीं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दोन सारख्या पुड्या हातात घेऊन मी जिने कसे चढले ते मला आठवत नाही. काकूंनी दार उघडलं. मी त्यांची पुडी त्यांच्यासमोर धरली. त्यांनी आधी पुडीकडे पाहिलं, मग आमच्या बंद दाराकडे.

"हळू बोल ना," त्या म्हणाल्या. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. "मीटिंगमध्ये शिकवतात तसं बोलायला लागतं गं. माझ्या गोळ्या सुटल्या असं बोललं तरच बायका घेतात. मला काय माहीत, तुझी आई खरंच सोडेल?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. आईला सांगितलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "त्याच गोळ्या?"

"त्याच."

ती ओट्याला टेकून उभी राहिली. त्या दिवसानंतर तिने काकूंचं नाव घेतलेलं मी ऐकलं नाही.

पुढच्या संक्रांतीला काकू स्वतः बोलवायला आल्या. आई जाईल असं मला वाटलं नव्हतं. पण ती काळी साडी नेसली आणि म्हणाली, "चल, मला उंबऱ्याचा अंदाज येत नाही." काकूंनी तिला हळदीकुंकू लावलं, तिने काकूंना लावलं, जरा भुवईकडे सरकलं. मग काकूंनी वाण पुढे केलं. आईने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"वाण नको."

कोणीतरी हळूच म्हणालं, "अगं, वाणाला नाही म्हणतात का?"

"नाही म्हणत," आई म्हणाली. "मीपण आजपर्यंत म्हटलं नव्हतं."

बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर तिने मला विचारलं, "काय होतं गं तिच्या हातात?"

"स्टीलची वाटी."

"असू दे," ती म्हणाली आणि आमच्या दाराची कडी हाताने चाचपायला लागली.