कॅच कुणाचा?

"मॅडम, ये खेलेगा कि नहीं, बस इतना बोलो." आमचे मॅनेजर कपूरसर तपासणीच्या टेबलापाशी उभे होते. टेबलावर राफेल, टीमचा सेंटर फील्डर, म्हणजे मैदानात मागे, मधोमध उभा राहून उंच कॅच घेणारा. त्याचा खांदा परत दुखावला होता.

मी या टीमची फिजिओ. दुबईतल्याच जेएलटी भागातलं चांगलं एसी क्लिनिक सोडून इथल्या बेसबॉल टीममध्ये आले, आणि टीम काय, प्रत्येक मॅच हरतेय!

"खेलेगा," मी म्हटलं. "लेकिन और एक टक्कर हुई तो नहीं."

"फिर घर जाएगा. अनफिट को कॉन्ट्रॅक्ट नहीं."

राफेलला हिंदी येत नव्हती, पण 'कॉन्ट्रॅक्ट' बरोबर कळलं. तिकडे त्याच्या देशात बायको बाळंत व्हायची होती. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं.

बॉल उंच उडाला की ज्याचा कॅच त्याने ओरडायचं, याला 'कॉल' म्हणतात. राफेल ओरडायचा स्पॅनिशमध्ये. मैदानात त्याच्या शेजारी उभा राहणारा इम्रान लाहोरचा, मूळचा क्रिकेटर, तो ओरडायचा "छोड!" कोण कुणाचं ऐकणार, कपाळ! दोघांची नजर वर, आणि धाडकन टक्कर. मग कोच म्हणाला, इथे सगळ्यांना कळेल असा शब्द घेऊ, "यल्ला". अहो, यल्ला म्हणजे चला! दोघेही दुप्पट जोरात धावले. त्यातच हा खांदा गेला.

"खलास ठेवा," मी कोचला सांगितलं. "खलास म्हणजे संपलं. ऐकलं की दुसऱ्याने थांबायचं."

टकरा बंद झाल्या. हरणं चालूच होतं.

शेवटच्या मॅचला मात्र चक्क आम्ही पुढे होतो. एक कॅच घेतला की जिंकलो. बॉल उंच उडाला, राफेल आणि इम्रान धावले, माझा जीव खांद्यात अडकलेला. तेवढ्यात अख्खं स्टँड आनंदाने ओरडलं, "खलाऽऽस!"

दोघेही शहाण्या मुलांसारखे जागच्या जागी थांबले. बॉल मधोमध पडला. समोरच्यांनी तेवढ्यात रन काढून मॅच मारली.

कपूरसर लालेलाल. "कम से कम फिट तो है ना?"

"एकदम फिट!"

त्यांनी चरफडत राफेलच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केली. राफेल हसत होता की रडत होता कुणास ठाऊक. मला मात्र रडूच आलं.

पुढच्या सीझनला कॉल बदलला. शब्द मीच दिला: "माझा!" राफेल तो झकास ओरडतो. दुबईत मराठी माणसं काही कमी नाहीत, पण बेसबॉल बघायला एकही येत नाही.