साहिलचं गाणं आणि प्रकाशकाका

दोष प्रकाशकाकांचा. म्हणजे साहिलच्या बाबांचा. सरळ सांगतो, उगाच मोठ्यांचा मान वगैरे नको. साहिल आज दुबईत सोल, म्हणजे ते आर्त इंग्लिश गाणं, गाणारा म्हणून फेमस आहे, पण त्याला लहानपणापासून एकच हवं होतं: बाबांनी एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं. बास. आम्ही बँडवाले जमलो की काकांचा एखादा नवा किस्सा निघतोच. मोजणं कधीच सोडलंय.

दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सच्या घरी पाहुणे आले की काका साहिलला गायला उभं करायचे. एकदा असाच, आठ वर्षांचा होता. खालच्या नायजेरियन आंटीने शिकवलेलं गाणं तो आळवून आळवून म्हणत होता. दुसऱ्याच ओळीला काका म्हणाले, “सूर सरळ लाव. रडतोस काय?”

“बाबा, दॅट्स द साँग!”

पाहुणे हसले. चिवडा आला. गाणं खलास.

मग तो पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा लावून रियाज करायचा. एकदा वॉचमनने काच ठोठावली. “भाई, बीवी छोड के गई क्या?”

साहिल तेव्हा अठरा वर्षांचा!

“नहीं चाचा, प्रॅक्टिस.”

“तो शीशा नीचे करके गाओ ना.” आणि पठ्ठ्या पूर्ण गाणं ऐकून गेला. वॉचमन, हां!

मी इंजिनिअरिंग सोडून साहिलबरोबर बेस गिटार वाजवायला लागलो, तर काकांनी मला घरात यायला बंदी केली. “ड्रॉपआउट हा संसर्ग असतो.” स्वतः पंचवीस वर्षं टाइल्स विकतायत, टाइल्सना शिव्या देत.

तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत काका सेक्रेटरी. साहिलला पाच मिनिटं दिली आणि तिसऱ्याच मिनिटाला माइकवर स्वतः: “यल्ला, चला, पुरे! मसालेभात गार होतोय!” कुणीतरी तो व्हिडिओ टाकला आणि तो गल्फभर फिरला. लोक विचारायला लागले, हा पोरगा कोण? दुबईतच अल क्वोजच्या एका गोडाऊनमध्ये पहिला शो लागला, मग मोठे हॉल. काका सगळ्यांना सांगायचे, “आवाज आमच्याकडचा.”

मागच्या हिवाळ्यात अबूधाबीच्या शोला साहिलने बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. शेवटचं गाणं त्यांच्यासाठीच लिहिलेलं. त्यात शेवटच्या ओळीआधी तो थांबतो, पूर्ण शांतता, आणि मग एकच सूर. सहा मिनिटं काका हलले नाहीत. मी वाजवताना त्यांच्याकडेच बघत होतो.

साहिल थांबला.

काका उठले. मागोमाग मंडळाचे तिघे. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. गाणं संपलं असं समजून थेट स्टेजवर! साहिलच्या खांद्यावर शाल टाकली, त्याच्या हातातला माइक घेतला.

“दोनच शब्द बोलतो.”

नऊ मिनिटं बोलले.

त्यानंतर आमचे सात शो झाले. काकांना एकाचंही आमंत्रण गेलेलं नाही.