कोहारूच्या चार ओळी

ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडच्या मराठी मंडळात मंजुषा दामले नेमकं काय करते असं विचारलंत, तर चार जण चार उत्तरं देतील. "जपानीचं काहीतरी करते" इथवर सगळ्यांचं एकमत आहे. पुढे कोणी म्हणतं क्लास घेते, कोणी म्हणतं गाड्यांच्या कंपनीत असते, आणि सुलेखा काकू पोह्यांची बशी हातात धरून ठासून सांगतात, "अगं, कार्टूनची पुस्तकं लिहिते ती. घरीच असते." मंजुषा यातलं काहीच खोडून काढत नाही. एक तर बाई मुळात कमी बोलणारी, आणि दुसरं म्हणजे खरं उत्तर द्यायला बसली तर समोरच्याचे पोहे गार होतील.

खरं उत्तर असं, की ती जपानी कादंबऱ्यांचं इंग्रजी करते. त्या कादंबऱ्या म्हणजे जपानमध्ये तरुण पोरं खिशात घालून फिरतात ती छोटी, अधूनमधून चित्रं असलेली पुस्तकं. लाइट नॉव्हेल म्हणतात त्यांना. नाव लाइट असलं तरी अनुवाद करणाऱ्याच्या मानेवर त्यांचं ओझं चांगलंच पडतं. मंजुषाच्या वाट्याला गेली सहा वर्षं जी मालिका आली होती, ती तर मूळ मालिकाही नव्हे. मूळ मालिका एका तलवारबहाद्दर मुलाची. डोळ्यांवर हेडसेट चढवून लाखो लोक एका व्हर्च्युअल जगात शिरतात, लढतात, राज्यं जिंकतात, असा सगळा गदारोळ. त्या गदारोळात हा नायक एकदा नदी ओलांडतो, तेव्हा त्याला एक नावाडीण पलीकडे सोडते. अर्ध्या पानाचं काम. पण वाचकांना ती मुलगी इतकी आवडली, की लेखिकेने तिची वेगळी पाच भागांची मालिका लिहायला घेतली.

त्या मुलीचं नाव कोहारू. एकोणीस वर्षांची. वडील गेल्यापासून तिच्या आईने स्वतःला खोलीत कोंडून घेतलंय, दोन वर्षं तोंडातून शब्द काढलेला नाही. कोहारू दिवसा घर चालवते आणि संध्याकाळी हेडसेट घालून त्या दुसऱ्या जगात नाव चालवते. तिच्या नावेत रोज एक बुरखेवाला उतारू येतो. काही बोलत नाही, पलीकडे जातो आणि परत येतो. कोहारू मात्र वल्ही मारता मारता त्याला सगळं सांगत सुटते, आज आमटी खारट झाली, आईने आज अर्धाच भात खाल्ला.

मंजुषाने जपानी शिकायला सुरुवात केली ती तीस वर्षांपूर्वी, पुण्यात कर्वे रोडवरच्या एका क्लासमध्ये, मैत्रिणीला सोबत म्हणून. मैत्रीण पंधरा दिवसांत गळाली, ही चिकटली. पुढे चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी झाली. जपानी इंजिनिअर आणि आपले कामगार यांच्या मधोमध, मशीनच्या आवाजात उभं राहून, एकाचा राग दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचा आणि तोही होता त्याच मापाचा, ही विद्या तिने तिथे मिळवली. मग शैलेंद्रशी लग्न झालं. तो पाइपलाइनवाला इंजिनिअर, ह्यूस्टनच्या नोकरीवर आला आणि ही त्याच्यामागून डिपेंडंट व्हिसावर. डिपेंडंट म्हणजे काम करायला बंदी. आठ वर्षं घरात बसली, पण जपानी सोडलं नाही. भाजी चिरताना जपानी रेडिओवरच्या बातम्या ऐकायची. परवानगी हातात आली, तेव्हा पंपांच्या माहितीपुस्तिकांपासून सुरुवात केली आणि एक दिवस बारा पानांच्या अनुवादाची परीक्षा देऊन ही कोहारू मिळवली.

तिची काम करण्याची तऱ्हा बघावी. आधी अख्खं पुस्तक वाचणार, मग एकेक परिच्छेद स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत मोठ्याने म्हणणार. दोराला बांधून वल्ह्याने चालवायची नाव प्रवाहात तिरकी का होते, हे कळेना म्हणून तिने शैलेंद्रकडून रीतसर आकृती काढून घेतली. हेडसेट काढल्यावर कपाळाला काय वाटतं हे कळायला मुलीच्या मैत्रिणीकडून तो आणवला, चढवला, आणि सरळ जाऊन फ्रिजवर आपटली. टेंगूळ आठवडाभर होतं. पण त्या पानावर जे इंग्रजी उतरलं ते असं, की वाचणाऱ्याचा हात आपसूक कपाळाकडे जावा. इतक्या निगुतीने काम करणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

म्हणूनच पुढची गोष्ट तिच्या बाबतीत घडावी याचं वाईट वाटतं.

पहिल्या भागाच्या वेळी तिसरं प्रकरण इंग्रजीत चार ओळींनी वाढत होतं. त्या चार ओळी पुढच्या पानावर सांडत होत्या आणि तिथलं चित्र सरकत होतं. डॅना म्हणून इथल्या अमेरिकन प्रकाशनगृहातली संपादक, तिने कळवलं, "चार ओळी कुठूनही काढ, तुझ्या मर्जीने." मंजुषाने प्रकरण दोनदा वाचलं. शेवटाकडे एक बारकासा परिच्छेद होता. उतारू पहिल्यांदाच येऊन गेल्यावर कोहारू हेडसेट काढून ठेवते. त्याच क्षणी आईच्या बंद खोलीतूनही हेडसेट स्टँडवर ठेवल्याचा आवाज येतो. कोहारू चहाचा पेला दाराशी ठेवून जाते. घरातली अशी वर्णनं पुस्तकात पुष्कळ होती. आई आत गेम खेळत असेल, असेल बापडी, असं मंजुषाला वाटलं. तिने तो परिच्छेद काढला. गाळण्याआधी जपानच्या मूळ प्रकाशकाला विचारायचं असा करार होता, पण चार ओळींसाठी कोण विचारतं?

पहिला भाग छापला गेला, दुसरा आणि तिसराही. चौथा भाग जपानहून आला तो मागच्या एप्रिलमध्ये. अनयाला, म्हणजे तिच्या सोळा वर्षांच्या मुलीला, शाळेतून घ्यायला गेलेली असताना गाड्यांच्या रांगेत मंजुषा तो वाचत बसली होती. बाहेर टेक्ससचं ऊन, आत एसी. शेवटच्या प्रकरणात बुरखेवाला उतारू बुरखा काढतो, आणि ती कोहारूची आई असते. इथवर ठीक होतं. वाचकाला तेवढा वास लागलेलाच असतो. पण त्यानंतर कोहारू वल्हं न थांबवता आईला म्हणते, "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझा हेडसेट ठेवल्याचा आवाज मी ऐकला होता."

मंजुषाने ती ओळ पुन्हा वाचली. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की रांग पुढे सरकली आहे.

म्हणजे नावेतली ती सगळी बडबड, आमटीची, भाताची, रडण्याची, परक्या माणसाशी नव्हतीच. बंद दाराआड जी ऐकून घेत नव्हती, तिला तिची लेक रोज संध्याकाळी नावेत बसवून घरातलं सगळं सांगत होती, आणि ओळखलंय हे एका शब्दाने दाखवत नव्हती. जपानी वाचकाला याची खूण पहिल्याच भागात मिळाली होती. इंग्रजी वाचकाला मंजुषाने ती मिळू दिली नव्हती.

अनया गाडीत बसल्या बसल्या तिने विचारलं, "तुला कोहारू कशी वाटते गं?" अनया छापून आलेल्या प्रत्येक भागाची घरातली पहिली वाचक, आणि जिभेला हाड नसलेली.

"ऑनेस्टली? शी इज काइंड ऑफ डम्ब, आई. तो उतारू तिची मॉम आहे हे मला बुक टूमध्ये कळलं. तिला कसं नाही कळत?"

मंजुषाने गाडी घराकडे वळवली. तीन पुस्तकं, हजारो वाचक, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एक भोळसट पोर. जी मुलगी त्या अख्ख्या मालिकेत सगळ्यांत शहाणी, तिला आपण आपल्या हाताने खुळं केलं, या विचाराने तिला जेवण गेलं नाही.

शैलेंद्र माणूस व्यवहारी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सिंपल आहे. चौथ्या भागात कुठेतरी दोन ओळी ॲड कर, की तिने पूर्वी आवाज ऐकला होता वगैरे. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

"यार मंजू, चार ओळी आहेत."

"असं म्हणूनच तर कापल्या मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने डॅनाला सविस्तर ईमेल लिहिला. डॅनाचा तासाभरात फोन आला. डॅना मनाने चांगली आहे. तिने आधी हळू आवाजात समजावलं. हे बाहेर काढलंस तर जपानला कळवावं लागेल. करार मोडला म्हणतील. मूळ आणि अनुवाद शेजारी ठेवून चुका शोधणारे चाहते इंटरनेटवर टपलेलेच असतात, ते तुझी सालटी काढतील. आणि शेवटचा भाग अजून व्हायचाय. मग म्हणाली, "ओळी काढ असं मीच सांगितलं होतं. तू माझं नाव पुढे करू शकतेस."

इथे कोणीही सुस्कारा सोडला असता. मंजुषा म्हणाली, "तुम्ही चार ओळी सांगितल्या होत्या. कोणत्या, ते मी ठरवलं."

पंधरा दिवसांनी प्रकाशनगृहाकडून चौथ्या भागाच्या सुरुवातीला छापायचा मजकूर आला. वकिलाच्या हातचा होता हे लांबूनही कळत होतं. निर्मितीच्या प्रक्रियेत पहिल्या भागातील काही मजकूर अनवधानाने राहून गेला, क्षमस्व. मंजुषाने तो वाचला आणि तिचं टाळकं फिरलं. एरवी आवाज न चढवणारी बाई, पण त्या दिवशी स्वयंपाकघरातून शैलेंद्रला ऐकू आलं, "राहून गेला म्हणे! पाय फुटले होते त्याला?" तिने तो मजकूर बाजूला सारला आणि स्वतः लिहून पाठवला. आधी त्या चार ओळी, एक अक्षर न गाळता. खाली एवढंच: "या ओळी पहिल्या भागातून मी काढल्या. त्यांचा अर्थ मला कळला नव्हता. त्यामुळे तीन भाग तुम्हाला वाटत राहिलं की कोहारूला काही माहीत नाही. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही तिला कमी लेखलं असेल तर तो दोष तिचा नाही आणि तुमचाही नाही. मंजुषा दामले, अनुवादक."

उत्तर यायला पाच आठवडे लागले. या पाच आठवड्यांत तिने चौथ्या भागाचं काम पुरं केलं, आणि माझ्या मते ते तिचं सगळ्यांत चांगलं काम आहे. उत्तर असं होतं: जपानकडून मजकूर मंजूर, शब्दही न बदलता छापावा. पहिल्या भागाच्या नव्या आवृत्तीत ओळी परत घालाव्यात. आणि पाचवा भाग दुसऱ्या अनुवादकाकडे द्यावा.

ती रडली. गॅरेजमध्ये जाऊन, गाडीचं दार लावून, अर्धा तास. त्यात लपवण्यासारखं काही नाही. सहा वर्षं जिच्याबरोबर काढली, त्या मुलीचं पुढे काय होणार ते आता आपल्या हातून लिहिलं जाणार नाही, हे दुःख ज्याला कळत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मग ती घरात आली, तोंड धुतलं आणि संगणक उघडून आपली साठ पानी टिपणवही नीट लावायला बसली. कोहारू कोणाशी कशी बोलते, कुठे गप्प राहते, नावेच्या कोणत्या भागाला काय म्हटलं आहे, दोराच्या आकृतीसकट सगळं. काम ओरेगॉनमधल्या एका बाईंकडे गेलं होतं. त्यांना तिने ती वही न मागता पाठवून दिली.

चौथा भाग छापून आला तो नोव्हेंबरमध्ये. अनयाने शनिवारी सकाळी तो उघडला आणि जेवायला हाका मारल्या तरी खाली आली नाही. तीनच्या सुमाराला आली, ती पहिला भागही बगलेत मारून.

"शी न्यू," ती म्हणाली. "आई, शी न्यू द होल टाइम! मी परत वाचलं सगळं. ती मुद्दाम सांगत होती तिला. तो भाताचा सीन, ओ माय गॉड." तिचे डोळे सुजले होते. मग तिने त्या मजकुराचं पान उघडलं आणि आईपुढे धरलं. "यू डिडन्ट हॅव टू राइट धिस. लोक मीन बोलतायत ऑनलाइन, मी बघितलं."

"बोलू देत. खोटं नाही ना बोलत."

"अँड दे टुक बुक फाइव्ह फ्रॉम यू. बाबा म्हणाला. दॅट्स सो अनफेअर."

"अगं, ओरेगॉनच्या बाई चांगल्या आहेत. हे बघ, कालच ईमेल आलाय त्यांचा, तेवीस प्रश्न विचारलेत."

अनया खुर्ची ओढून शेजारी बसली. "यू आर नॉट गोइंग टु आन्सर देम. तू आता त्यांच्यासाठी कामसुद्धा करत नाहीस!"

मंजुषाने चष्मा लावला. पहिला प्रश्न असा होता: शेवटच्या भागात कोहारू आईशी काही ठिकाणी फार त्रोटक बोलते. काही ओळी तर अनावश्यक वाटतात. मला तिचा अंदाज येत नाही. ही मुलगी नेमकी किती हुशार आहे?

मंजुषाने फार विचार केला नाही. तिने लिहिलं, "माझ्यापेक्षा जास्त. एकही ओळ काढू नका."

मग ती दुसऱ्या प्रश्नाकडे वळली.