मावळतीच्या आधीची बाटली

माझा स्वभाव तापट. गिऱ्हाईकानं चार ताके उलगडायला लावून काहीच घेतलं नाही, की मी बोलून मोकळी होते, आणि आमचे हे मान खाली घालून ताके गुंडाळत बसतात. नंदुरबारच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान, तिथली तोंडाळ मारवाडीण म्हणजे मी. पण त्या चातुर्मासात माझ्याच सोळा वर्षांच्या लेकीपुढं माझं काही म्हणजे काही चाललं नाही.

लेक फुटबॉल खेळते. मधल्या फळीत, म्हणजे सगळ्यात जास्त धावायचं तिनंच. त्या वर्षी जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि तिला दुसरं काही सुचत नव्हतं. वहीच्या मागच्या पानावरही मैदानच काढलेलं असायचं.

मूळ चूक माझी. आषाढात साध्वीजी चातुर्मासाला आल्या. प्रवचनानंतर त्यांनी विचारलं, चार महिने चौविहार कोण करणार? चौविहार म्हणजे सूर्य मावळल्यावर अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. मी तो लग्न झाल्यापासून करते. मी लेकीला कोपरानं ढोसलं. ती उठली, हात जोडले, नियम घेतला. बायका वळून बघायला लागल्या आणि मी फुलून गेले. तेव्हा दिवस मोठा होता, सूर्य सव्वासातपर्यंत असायचा आणि सराव साडेसहाला संपायचा. आश्विनात काय होईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सूर्यास्ताच्या वेळांचा तक्ता माझ्याच स्वयंपाकघरात टांगलेला असतो. पुढचं पान उलटून बघायला मला काय झालं होतं कोण जाणे.

फुटबॉल शिकवणारे सर धडगावकडचे, कमी बोलणारे. त्यांनी मला नीट समजावलं होतं. इतकं धावल्यावर स्नायू झिजतात, त्यांची डागडुजी खाण्यातून होते, म्हणून सराव संपला की लगेच पोटात काहीतरी जायला हवं. बाकीच्या मुली उकडलेली अंडी खायच्या. आमच्या घरात अंडं उंबरा ओलांडत नाही, म्हणून मी प्रोटीन पावडरचा डबा आणला, हिरवा ठिपका दोनदा तपासून. सर म्हणाले, "डबा नसला तरी चालेल ताई. दूध-फुटाणे द्या, पण वेळेवर द्या."

श्रावणात जमलं. मैदानाच्या कठड्यावर बसून ती बाटली संपवायची आणि पावडरीच्या पांढऱ्या मिश्या घेऊन घरी यायची. भाद्रपदात ओढाताण झाली. आश्विन लागला आणि सूर्य सव्वासहालाच जायला लागला. शाळा पाचला सुटते, सराव आधी सुरू कसा करणार? मी बाटली घेऊन स्कूटीवर मैदानाशी जायची. सहाला हाक मारली की ती धावत यायची, घाईघाईनं बाटली रिकामी करायची आणि परत पळायची. तिसऱ्या दिवशी पळता पळता सगळं ओकली. घरी आल्यावर म्हणाली, "मम्मी, तू नको येत जाऊस."

मग रोज उपाशीपोटी झोपणं आणि सकाळी कठडा धरून एकेक पायरी जिना उतरणं. पोटऱ्या लाकडासारख्या झालेल्या. मी तेल चोळत बसायची. दूध घालायला येणाऱ्या मावशी दारातून बघायच्या. एक दिवस म्हणाल्या, "भाभी, पोर तुन्हीच शे ना? रातले दूध तं दे तिले." मी त्यांच्यावर खेकसले. त्या गेल्यावर तेच दूध तापवत रडले.

शेवटी साध्वीजींकडे गेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "तिला झेपत नसेल तर तिनं यावं. प्रायश्चित्त घेऊन नियम सोडता येतो. कुणी रागावणार नाही." मी धावत घरी आले. लेक म्हणाली, "सगळ्यांसमोर हात जोडलेत मी. नाही सोडणार." हा हट्ट कुणाकडून आला हे मला वेगळं सांगायला नको.

निवड-सामन्याच्या आदल्या संध्याकाळी ती सातला घरी आली आणि ओट्यावर बसली. बुटाची नाडी सोडायला वाकवेना तिला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुधात पावडर कालवून ग्लास तिच्यापुढं धरला. "पी. पाप लागायचं ते मला लागू दे." तिनं मान हलवली. मला वाटलं, आधी मी मोडलं तर तिला मोडायला सोपं जाईल. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, दिवेलागण झाल्यावर, मी तिच्यासमोर अर्धा ग्लास घटाघट प्यायले आणि उरलेला पुढं केला. "आता तरी पी."

तिला रडू फुटलं. ग्लास माझ्या हातातून घेऊन तिनं झाकून ठेवला. "माझ्यामुळं तुझं मोडलं," एवढंच म्हणाली आणि आत गेली.

सकाळी मी आंघोळ करून आले तर ती साध्वीजींच्या दर्शनाहून परत येत होती. माझ्या मोडलेल्या चौविहाराचं प्रायश्चित्त म्हणून तिनं स्वतः उपवास घेतला होता. का, ते त्यांना सांगितलं नव्हतं, सामना आहे हेही नाही. दिवसभर फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत. सामना दुपारी चारला. यांनी माझ्याकडे बघितलं आणि दुकानाच्या किल्ल्या उचलून चालू लागले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पूर्वार्ध ती चांगली खेळली. नंतर पोटरीत गोळा आला आणि मैदानाच्या मधोमध खाली बसली. सर तिला उचलून कडेला घेऊन आले, पाय ताणायला लागले आणि मला म्हणाले, "ताई, काही प्यायला द्या हिला." तिच्या जागी दुसरी मुलगी आत गेली होती. आता यादीत नाव येत नाही हे आम्हा तिघांनाही तिथंच कळलं.

माझ्या पिशवीत दोन बाटल्या होत्या. एक उकळलेल्या पाण्याची, दुसरी पावडरच्या दुधाची, सवयीनं भरून आणलेली. सूर्य अजून हातभर वर होता. आश्विन लागल्यापासून पहिल्यांदा तिचं खेळणं संपल्यावर मी वेळेत होते, आणि ती बाटली मला बाहेर काढता येईना.

तिनं पाण्याचे दोन घोट घेतले, तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "मम्मी, तू घरी जा. सूर्य जायच्या आत जेवून घे."