एरिच्चल म्हणजे राग

"राग आला काय म्हणून विचारते ती," आई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली. "मी कशास रागावू?"

हे आमच्या घरच्या मराठीत, त्यामुळे नर्सला कळलं नाही. तिला आईने तमिळमध्ये उत्तर देऊन टाकलं होतं: "एरिच्चल काही नाही, मा." नर्सने मान हलवली आणि ती पुन्हा सिरिंजकडे बघू लागली.

कुंभकोणमच्या एका इस्पितळात आईच्या केमोचा तो पहिला दिवस. डाव्या स्तनाची शस्त्रक्रिया होऊन महिना झाला होता. त्या बाजूच्या हाताला सुई लावायची नाही, म्हणून उजवा हात घेतला होता. सलाइन चालू होतं आणि त्याच नळीतून नर्स ते लाल औषध थोडं थोडं आत सोडत होती. हे औषध घाईने देत नाहीत. नर्स शेजारी स्टुलावर बसून राहते, मध्येच थांबते, सिरिंजचा दांडा मागे ओढून रक्त येतंय का बघते, आणि पुन्हा पुन्हा विचारते, "एरिच्चल आहे का?"

शीर सापडायला दोनदा टोचावं लागलं होतं. "अम्मा, तुमच्या शिरा तुमच्या मुलीसारख्या आहेत," नर्स म्हणाली होती. "हाक मारली की आत पळतात." आई खळखळून हसली. मी हसल्यासारखे ओठ हलवले. मग नर्सने दोनदा टोचल्याबद्दल माफी मागितली, आईने "असू दे गं" म्हटलं, आणि तो विषय संपला असं निदान नर्सला तरी वाटलं.

आईच्या लेखी तो संपला नव्हता. तमिळमध्ये एरिच्चल म्हणजे जळजळ आणि एरिच्चल म्हणजे वैतागही. आमच्या घरच्या बोलीत मात्र तो शब्द वैतागापुरताच आला. "उगाच एरिच्चल करू नको," असं आई मला लहानपणापासून म्हणते. अंग जळण्यासाठी आमच्याकडे आमचा जुना शब्द होता, भगभगणं, त्यामुळे उसना घ्यायची वेळच आली नाही. पिढ्यान् पिढ्या इथे राहून, दाराबाहेर दिवसभर तमिळ बोलूनही आईच्या मनात तो शब्द अर्धाच राहिला. नर्स विचारत होती सुईपाशी जळतंय का, आणि आईला वाटलं, दोनदा टोचल्याचा राग आला का असं विचारते.

मला ते ऐकून आधी गंमत वाटली. घरी गेल्यावर बाबांना सांगू, असं ठरवलंसुद्धा.

आदल्या आठवड्यात इस्पितळाने इंग्रजीतलं एक पत्रक दिलं होतं. घरात इंग्रजी शाळेत शिकलेली मी, म्हणून ते आईला समजावून सांगायचं काम माझ्याकडे. मी ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं. हृदयाची तपासणी आधी का केली ते सांगितलं. एक-दोन दिवस लघवी लालसर होईल, ते रक्त नव्हे. दोन-तीन आठवड्यांत केस जातील, नंतर येतील. तोंड येईल, तेव्हा मिरची बंद. ताप आला तर घरी गोळी घेऊन पडून राहायचं नाही, तडक इस्पितळ गाठायचं. "केस पहिल्यासारखेच येतात काय?" एवढंच आईने विचारलं.

एक ओळ मी गाळली होती. औषध शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस जाळतं, म्हणून सुईपाशी जराही जळलं, टोचलं, सुजलं तर त्याच क्षणी सांगा, अशी. तिथल्या लांबलचक इंग्रजी शब्दाला मला घरचा शब्द सापडला नाही. शिवाय नर्स विचारेलच, असं वाटलं. नर्सने विचारलंही.

"हात भगभगतो," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता, उकडतंय म्हणावं तशी.

"कुठे?"

"सुईपाशी. होईल थोडा वेळ. तू गप राह, तिचं काम होऊ दे. बिचारी किती वेळ वाकून बसली आहे."

मी आईच्या हाताकडे पाहिलं. मनगटाच्या वर चिकटपट्टीखाली कातडी किंचित फुगल्यासारखी दिसली. दिसली की मला वाटली, ते आजही सांगता येणार नाही. याच हाताने ती जवळच्या गोविंदपुरमच्या देवळात भजनाला पेटी वाजवते. हे औषध तिच्या आजाराला लागणारच होतं, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण ते शिरेत जायला हवं होतं.

मला तमिळ चांगली येते. पण अनोळखी माणसाशी बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवते, मग त्यात काय चुकलं ते बघते, आणि तोवर बहुतेक वेळा ते माणूस निघून गेलेलं असतं. नर्स कुठे जाणार नव्हती. तिचा अंगठा सिरिंजच्या दांड्यावर होता. मी "एक्स्क्यूज मी" पासून सुरुवात जुळवली. मग वाटलं, आईने नाही म्हटल्यावर मी होय म्हणणं म्हणजे आईला चारचौघांत खोटं पाडणं. मग नर्सच्या कामात चूक काढल्यासारखं दिसेल, असं वाटलं. अंगठा अगदी थोडा पुढे सरकला.

"सिस्टर, थांबवा," मी म्हणाले. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आईचा हात जळतोय. ती नाही म्हणाली ते एरिच्चल वेगळं."