कामावरून कमी करून दाखवा

हॉल लग्नाचा होता. काशीमिऱ्याला हायवेला लागून जी हॉटेलं आहेत, त्यांतल्या एकाच्या पहिल्या मजल्यावरचा. खुर्च्यांना पांढरे झगे, पाठीला सोनेरी बो, स्टेजवर आदल्या दिवशीच्या कार्यातल्या फुलांचा कचरा, आणि या सगळ्यात आम्ही नोकरीसाठी आलेली माणसं लॅपटॉप उघडून बसलेलो. मोबाईल दारातच एका प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये काढून घेतले होते. खिडक्यांवर जाड पडदे. बाहेर ट्रकचे हॉर्न वाजत होते, त्यावरून जग चालू आहे एवढं कळत होतं.

कंपनी माल साठवून घरोघर पाठवणारी. त्यांना गोदामावर सुपरवायझर पाहिजे होती. हे काम मी दुसऱ्या एका कंपनीत बरीच वर्षं केलं होतं आणि गेल्या वर्षी तिथून मला काढलं होतं. तेव्हापासून नवघरच्या घरात दिवसभर मी आणि डोक्यावरचा पंखा. संध्याकाळी नवरा घरात शिरता शिरता विचारायचा, "काही आलं का गं?" मी म्हणायचे, "आली ना, धूळ." त्याच्या एका पगारात घर कसंबसं चालत होतं. माझंच चालेनासं झालं होतं. चाळिशी ओलांडलेल्या बाईला कोण बोलावतंय? इथे निदान परीक्षेपुरतं तरी बोलावलं होतं. ही नोकरीही हुकली तर यापुढे कुठे अर्ज करायचा नाही, असं मी मनाशी पक्कं करून निघाले होते. नवऱ्याला हे सांगितलं नव्हतं.

आधी लॅपटॉपवरचे प्रश्न. यात बरोबर-चूक काही नाही, मनात येईल ते उत्तर द्या, असं पडद्यावर लिहिलेलं. साफ खोटं. 'मी नियम मोडत नाही.' मी 'पूर्ण सहमत' दाबलं. थोडं पुढे गेल्यावर: 'काम अडत असेल तर मी नियम थोडा वाकवते.' आता हो म्हणावं तर मघाशी खोटं बोलले, नाही म्हणावं तर आडमुठी ठरते. मागे जाऊन काही बदलायची सोय नव्हती. शेजारच्या खुर्चीत जेसल पार्कची एक बाई होती, येताना शेअर रिक्षात भेटलेली. तिचं माझ्याकडे लक्ष होतं. ओठ न हलवता ती म्हणाली, "पहिल्यांदा जे बोललो ना, तेच बोलत राहायचं. वो लोग वहीं पकडते हैं." मी मान डोलावली आणि तेच बोलत राहिले. 'मला राग क्वचितच येतो' या वाक्याला मी दातओठ खाऊन 'पूर्ण सहमत' दिलं.

जेवणानंतर एकेकाला स्टेजमागच्या खोलीत बोलवायला लागले. ही नवरीला नटवायची खोली. भिंतभर आरसा, भोवती गोल दिवे. कोपऱ्यात एक माणूस टॅब घेऊन बसला होता आणि टेबलापलीकडे माझ्या भाचीच्या वयाची एक मुलगी, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तिने एक चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठीत होतं: तुम्ही शाखेच्या प्रमुख आहात. समोर पॅकिंगमधली अनेक वर्षं काम केलेली बाई बसली आहे. तिला कामावरून कमी केल्याचं सांगा. वेळ दहा मिनिटं.

मी चिठ्ठी परत वाचली. दार कुणीतरी बाहेरून ओढून घेतलं.

आमच्या जुन्या कंपनीच्या पॅकिंगमध्ये एक पद्धत होती. कुणाला वाईट बातमी द्यायची तर ती उभ्याने द्यायची नाही, आणि समोर बसूनही नाही. तिच्या बाजूला बसायचं, हातात चहाचा ग्लास द्यायचा, आधी जेवणाचं विचारायचं. कुणाचा नवरा ॲडमिट झाला, कुणाची आई गेली, सगळं आम्ही असंच सांगितलं. त्याच सवयीने मी खुर्ची उचलली आणि त्या मुलीच्या बाजूला नेऊन ठेवली. "जेवलीस का गं?"

ती गोंधळली. कोपऱ्यातला माणूस म्हणाला, "मॅडम, मेसेज पे आइए. टाइम चालू आहे."

मी खुर्ची परत टेबलापलीकडे नेली, बसले आणि तोंड उघडलं. "हा निर्णय तुमच्या कामाबद्दल नाही. कंपनीची रचना बदलतेय. इतक्या वर्षांच्या तुमच्या योगदानाची आम्हाला जाणीव आहे."

ही वाक्यं माझी नव्हती. मला काढलं तेव्हा काचेच्या केबिनमध्ये एका माणसाने ती मला ऐकवली होती. त्या माणसाला मी भांडी घासताना शिव्या घातल्यात, भाजी चिरताना घातल्यात. त्याचा शब्द न् शब्द घोळवता घोळवता तो मला पाठ होऊन बसला होता, हे मला त्या खोलीत कळलं. तो जिथे थांबला होता तिथे मी थांबले. त्याने जिथे आवाज खाली आणला होता तिथे मीही आणला. समोर आरशात माझा चेहरा दिसत होता. इतका मायाळू की किळस यावी.

"पण माझं काय चुकलं मॅडम?" मुलीने विचारलं. मीही तेव्हा हेच विचारलं होतं.

"काहीच चुकलेलं नाही," मी म्हणाले. मलाही हेच सांगितलं होतं.

उठावं, ट्रेमधला मोबाईल घ्यावा आणि मिळेल त्या रिक्षात बसावं, असं फार वाटलं. पण नोकरी त्याच खोलीत होती. मी बसून राहिले, आणि पुढचंही सगळं बोलले, अगदी 'तुमच्या पुढच्या वाटचालीस शुभेच्छा' इथपर्यंत. खोलीत एसी होता, तरी ब्लाउज पाठीला चिकटला होता.

मुलगी उठली. नाटक पुरं करायचं म्हणून दारापाशी जाऊन म्हणाली, "बरं, जाते मी."

"जाते नाही म्हणायचं गं, येते म्हणावं."

तोंडातून निघून गेलं. लहानपणापासून हेच ऐकलंय. उंबऱ्यात कुणी 'जाते' म्हणालं की आई तिथल्या तिथे अडवायची. पण जिला मी आत्ताच कामावरून काढलं, जी आता कधीच यायची नव्हती, तिला मी 'येते म्हण' सांगत होते. माझे कान तापले. ती मुलगी नाटक विसरून माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "येते." कोपऱ्यातल्या माणसाने टॅबवर काहीतरी लिहिलं. संपलं, मी मनात म्हटलं. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं की माती खाल्ली. तो म्हणाला, "तुला दर वेळी असंच वाटतं." मी त्याच्याशी संध्याकाळभर बोलले नाही.

त्याच आठवड्यात फोन आला. मी दूध तापवत होते. पलीकडे कंपनीतली बाई, आवाज गोड. "मॅडम, काँग्रॅच्युलेशन्स. तुमचा रोल-प्ले सगळ्यांत बेस्ट होता. आणि ते शेवटचं, 'येते म्हणावं', पॅनेलला इतकं आवडलं ना! किती नॅचरल." मी थँक यू म्हणाले. मग ती कामाचं बोलायला लागली. काशीमिऱ्याच्या गोदामात पॅकिंगची मशीन येतायत, त्यामुळे तिथल्या बायका टप्प्याटप्प्याने कमी करायच्या आहेत. मॅनेजर बाहेरचे, त्यांना मराठी येत नाही. "त्या बायकांशी तुम्हीच बोलायचं. तुम्ही त्यांच्यातल्याच वाटता ना, मग त्रास नाही होणार. फक्त परवा बोललात तसंच बोला. तुम्हाला ते छान जमतं."

मी गॅस बंद केला. मला संताप यायला हवा होता. आलाही, अगदी डोकं फुटेल इतका, पण फोन ठेवल्यावर. त्याआधी, ती बाई बोलत असताना, माझा ऊर भरून आला होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की तुम्हाला हे छान जमतं. आणि 'कधीपासून येऊ?' असं मी विचारूनही टाकलं होतं.